एका पाखराची अनेक पाखरं

यंदा दिवाळीला भोकरला गेलो होतो. पाडव्याच्या दुपारी जेवणं झाल्यावर सगळे ओसरीत आडवे झाले होते आणि दादाची पाच वर्षांची नात मोबाईलवर काहीतरी बघत बसली होती. एकदम ओळखीचं गाणं कानावर आलं. ते फुलांच्या माळेचं, नद्या जाऊन सागराला मिळण्याचं. दूरदर्शनवर लहानपण घालवलेल्या कुणालाही ते कुठलं हे सांगायला नको. वहिनी गुणगुणायला लागल्या, मी सूर लावला, आत भांडी घासता घासता काकूनेही लावला. दोन मिनिटांत ओसरीचं शाळेचं पटांगण झालं.

दादा मात्र गप्प. तो नातीच्या मागे जाऊन उभा राहिला, थोडं बघितलं आणि म्हणाला, "आवाज बंद कर बरं बाळ. पहिल्यापासून लाव अन् नुसतं बघ."

"आवाज नाही तर काय बघायचं त्यात?" मी म्हणालो.

"तेच म्हणायलो मी. चाळीस वर्षं झाली, सगळे ऐकायलेत. बघितलं कुणी?"

मग आम्ही दोघांनी नातीच्या डोक्यावरून वाकून 'एक अनेक और एकता' हा सात मिनिटांचा चित्रपट मुकाट्याने, अक्षरशः मुकाट्याने पाहिला. आणि मंडळी, खरं सांगतो, पाठ असलेला तो चित्रपट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. बागेतली मुलं ताईला विचारतात, 'अनेक' म्हणजे काय? ताई दाखवत जाते. सूर्य एक, चंद्र एक, पण तारे अनेक. खार एक, मग खारी अनेक. मग एका पाखराची अनेक पाखरं होतात आणि ताई गोष्ट सांगते : दाणे टिपणारी पाखरं, पारध्याचं जाळं, सगळ्यांनी मिळून जाळ्यासकट उडणं, मित्र उंदरांनी जाळं कुरतडणं. पंचतंत्रातली चित्रग्रीवाची गोष्ट, आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही येऊन गेलेली. मग मुलं विचारतात की एकी केली तर आपणही या झाडाचे आंबे काढू शकू का? आणि एकमेकांच्या खांद्यावर चढून काढतात. शेवटी ते गाणं.

एक गंमत. हिंदी मुलांना व्याकरणात 'बहुवचन' शिकवतात, आपल्याला 'अनेकवचन'. त्यामुळे पडद्यावरची मुलं 'अनेक म्हणजे काय' असं विचारायची तेव्हा आम्हा मराठी पोरांना जरा वरचढ वाटायचं. एवढंसुद्धा येत नाही यांना! फूल-फुले, झाड-झाडे, विचारा आम्हाला.

१९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने हा चित्रपट काढला. दिग्दर्शन विजया मुळे यांचं. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या या बाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या, पुढे इंग्लंडात लीड्सला शिकल्या, परत येऊन सरकारी शिक्षणखात्यात नोकरी केली आणि त्याच्या जोडीने फिल्म सोसायट्यांची चळवळ उभी केली. १९५९ मध्ये देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते, विजयाबाई संस्थापकांपैकी. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. २००२ साली त्यांना व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार मिळाला आणि २०१९ च्या मे महिन्यात, अठ्ठ्याण्णवाव्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी, त्या गेल्या. त्या वेळी आलेल्या बातम्यांतही बहुतेक ठिकाणी गाण्याचाच उल्लेख आधी होता.

संगीत वसंत देसायांचं. कुडाळजवळच्या सोनवड्याचे, 'प्रभात'मध्ये वाढलेले, 'श्यामची आई' आणि 'दो आंखें बारह हाथ'चे वसंत देसाई. हा चित्रपट झाल्यानंतर पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. गाणं दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाच्या पं. विनयचंद्र मौद्गल्यांचं, आणि त्यातला कोवळा आवाज साधना सरगम यांचा. तेव्हा त्या दाभोळच्या घाणेकरांची जेमतेम पाच-सहा वर्षांची मुलगी होत्या. म्हणजे बघा, हिंदी म्हणून डोक्यात बसलेल्या या चित्रपटात आपली किती माणसं.

आणि चित्रं? चित्रं भीमसैन यांची.

इथे माझी एक जुनी चूक कबूल करतो. श्रेयनामावलीत भीमसैन हे नाव आहे असं मला कुणीतरी सांगितलं तेव्हा मी बिनदिक्कत पंडित भीमसेन जोशी समजून चाललो होतो. कारण १९८८ च्या पंधरा ऑगस्टला 'मिले सुर' सुरू झालं, त्यात सुरुवातीलाच पंडितजी. एकतेचं गाणं म्हटलं की भीमसेन असणारच, असा माझा हिशोब! हे भीमसैन खुराना वेगळे. १९३६ साली मुलतानला जन्म, फाळणीत घर सुटलं, लखनौला वाढले, तिथेच चित्रकला आणि संगीत दोन्ही शिकले. १९६१ च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार म्हणून लागले आणि राममोहन यांच्या हाताखाली चित्रं हलवायला शिकले. १९७० मध्ये त्यांच्या 'द क्लाइंब' या छोट्या चित्रपटाला शिकागोच्या महोत्सवात रौप्यपदक मिळालं. १९७७ चा 'घरौंदा' पाहिलाय ना, अमोल पालेकर आणि झरीना वहाबचा? तोही यांनीच दिग्दर्शित केला. ज्याचं घर लहानपणी सुटलं त्याने घर शोधणाऱ्या जोडप्यावर चित्रपट काढावा... असो. ते २०१८ च्या एप्रिलमध्ये गेले.

तो कार्टून विभागही जरा वेगळीच कहाणी आहे. १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईला आले. त्यांनी आणि जी. के. गोखले, राममोहन वगैरे मंडळींनी मिळून १९५७ मध्ये 'द बनियन डीअर' हा जातककथेवरचा चित्रपट केला. 'बॅम्बी'च्या हरणावर काम करून आलेला माणूस इथे येऊन बोधिसत्त्वाच्या हरणावर काम करतो, आणि ते हरीण काढायचं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या शैलीत! आपण मराठवाड्यातली माणसं शाळेच्या सहलीला अजिंठ्याला जातो, वटवाघळांचा वास घेऊन परत येतो. त्या भिंतींवरच्या रेषा एकदा मुंबईत हालल्या होत्या हे मला वयाची चाळिशी उलटल्यावर कळलं. त्याच्याही आधी फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या नाचवल्या होत्या आणि तिशीच्या दशकात पुण्यात 'प्रभात'ने 'जंबूकाका' हे कार्टून केलं होतं. म्हणजे भीमसैन यांच्या मागे परंपरा होती, फक्त माणसं मोजकी होती आणि पैसा त्याहून मोजका.

आता दादाने मला काय दाखवलं ते सांगतो.

हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन म्हणजे हमालीचं काम. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे दहा हजारांवर चौकटी. एक चित्र दोनदा शूट केलं तरी पाच हजार चित्रं. प्रत्येक आधी कागदावर पेन्सिलीने, कागद हलू नये म्हणून खिळ्यांच्या पट्टीत अडकवून. मग ते पारदर्शक पत्र्यावर, ज्याला 'सेल' म्हणतात, शाईने गिरवायचं. मग उलट्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे रेघ वर राहते. मग मागे पार्श्वभूमी ठेवून वरून टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. डिस्नेकडे याला शेकडो हात होते. इकडे तसं काही शक्य नव्हतं. म्हणून मग काटकसर. एका पाखराचे पंख वर, मधे, खाली अशी पाच-सहा चित्रं काढायची आणि तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. पाखरू उडतच राहतं. थवा हवा असेल तर तेच पाखरू दुसऱ्या पत्र्यावर गिरवा, थोडं बाजूला सरकवा, पंखांचा ताल एका चित्राने मागेपुढे करा. झाला थवा.

"म्हणजे बघ," दादा म्हणाला, "ही ताई पोरांना शिकवायलीय ते अन् हा चित्रकार करायलाय ते एकच आहे. एकाचे अनेक."

मी गप्पच झालो. एवढी साधी गोष्ट. दुसऱ्या कुठल्याही विषयावरच्या कार्टूनमध्ये तीच ती पाखरं फिरवली असती तर डोळ्याला खटकलं असतं, कंजुषी वाटली असती. इथे तीच ती पाखरं फिरतात म्हणूनच धडा समजतो. एक पाखरू काढलं, मग तस्संच दुसरं, मग तिसरं, आणि पाच वर्षांच्या पोराला व्याख्या न सांगता 'अनेक' कळलं. वेगवेगळ्या जातीची, वेगवेगळ्या चेहऱ्यांची पाखरं काढली असती तर चित्र जास्त देखणं झालं असतं, अर्थ मात्र गेला असता.

मग जाळ्याचा प्रसंग. आवाज बंद करून बघा कधीतरी. आधी प्रत्येक पाखरू आपापल्या दिशेने ओढतं, त्यामुळे सगळं चित्र विस्कटलेलं, नजर कुठे ठेवावी कळत नाही. मग ती एका तालात येतात. तोपर्यंत ज्या रेघांनी त्यांना दाबून धरलं होतं त्या जाळ्याच्या रेघा त्यांच्याबरोबर वर उठतात आणि सगळं मिळून एकच आकार होतो. गोष्टीत जे शब्दांनी सांगायचं ते इथे रेघेच्या दिशेने सांगितलंय. वसंत देसायांच्या तालाने मला हे चाळीस वर्षं ऐकवलं होतं, पण डोळ्यांनाही तो ताल दिलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गाणं फार चांगलं असलं की हा तोटा होतो बघा.

आता रंगांचं. तुमच्यापैकी पुण्यामुंबईच्या मंडळींचं माहीत नाही, पण आम्ही हा चित्रपट काळापांढराच पाहिला. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही एका आडत दुकानदाराकडे आला, १९८५-८६ च्या सुमारास. माळवदावर बांबू, बांबूवर अँटेना, त्याला बूस्टर, आणि तरीही पडद्यावर मुंग्याच मुंग्या. एक जण वर अँटेना फिरवतोय, एक जण दारात उभा राहून ओरडतोय, 'आलं... आलं... गेलं!' कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की हा चित्रपट लागायचा. कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून जास्तच अप्रूप. रंगीत आहे हे मला इंटरनेटवर पाहिलं तेव्हा कळलं आणि जरा फसवल्यासारखंच वाटलं!

पण विचार करा, मुंग्यांतूनही आम्हाला सगळं दिसत होतं. पारधी कोण, पाखरू कोणतं, जाळं कुठे. कारण आकार तसे आहेत. सपाट, मोकळे, कडा स्पष्ट. मागच्या चित्रात गर्दी नाही. १९७४ मध्ये देशात रंगीत टीव्ही नव्हताच, तो १९८२ मध्ये आला. तेव्हा आपलं काम करड्या रंगात बघितलं जाणार हे करणाऱ्यांना ठाऊक असणारच. विजयाबाईंना तर नक्कीच. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. त्यातल्या शाळकरी मुलांच्या कार्यक्रमांचं काम ज्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राकडे होतं, त्याच्या त्या प्रमुख होत्या. ज्या मुलाने आयुष्यात पडदा पाहिलेला नाही त्याला काय दिसेल, हा त्यांच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. त्या सहा राज्यांत आंध्र होतं, कर्नाटक होतं, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे भोकरहून आदिलाबादच्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात जे राज्य लागायचं, त्यातल्या काही खेड्यांनी आमच्या दहा वर्षं आधी टीव्ही पाहिला. आम्ही थांबलो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहितो. घरच्यांनी रागावू नये.

त्या आडत दुकानदाराच्या घरी आम्ही गल्लीतली पोरं आत सतरंजीवर बसायचो. मागच्या वस्तीतली तीन-चार पोरं यायची, ती खिडकीबाहेर गज धरून उभी राहायची. त्यांना कुणी 'आत येऊ नका' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. 'आत या' असं म्हटल्याचंही आठवत नाही. नामांतराच्या वेळी, १९७८ मध्ये, नांदेड जिल्ह्याच्या खेड्यांत काय झालं होतं ते आपल्याला माहीत आहे. त्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांतला एक मुलगा दादाच्या वर्गात होता. शेवटचं गाणं लागलं की तोही बाहेरून म्हणायचा. आम्ही आतून, तो बाहेरून, सूर एकच.

म्हणून मोठेपणी मला या चित्रपटाचा राग यायचा. वाटायचं, सरकारी गोडगोड. पारधी बाहेरून येतो, जाळं बाहेरचं, पाखरं बिचारी निष्पाप. आमच्या गावात तर जाळं आम्हीच विणलेलं होतं. हा आक्षेप माझा अजूनही आहे. पण परवा आवाज बंद करून बघताना दुसरंही दिसलं. त्या थव्यात एकही पाखरू मोठं काढलेलं नाही. कुणी राजा नाही, कुणाच्या डोक्यावर तुरा नाही. जुन्या गोष्टीत चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा आहे, त्याच्या हुकमाने सगळे उडतात. इथे राजा गाळलाय. युक्ती सुचते ती एका छोट्या पाखराला. एकच पाखरू गिरवून थवा केला तर कुणाला उच्च आणि कुणाला नीच काढणार? काटकसरीने म्हणा की विचाराने म्हणा, ते झालंय. खिडकीबाहेरच्या त्या मुलाला ते तेव्हा दिसलं असेल का? तो पुढे पुण्याला गेला, दादाला कधीमधी फोन करतो. यंदा विचारायचं ठरवलंय.

आंब्यांच्या प्रसंगाबद्दल फार लिहीत नाही. तो मला थोडा घाईत उरकल्यासारखा वाटतो. शेवटच्या गाण्यातली चित्रंही गाण्याच्या मागे धावतात. तिथे दादाचंही माझ्यासारखंच मत पडलं. पण सूर्यापासून जाळ्यापर्यंतचा भाग, ती चार मिनिटं, देशातल्या कुठल्याही चित्रशाळेत शिकवावीत अशी आहेत. या चित्रपटाला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता. पण पुरस्कारात 'शैक्षणिक' शब्द आला की लोक चित्राकडे चित्र म्हणून बघायचं सोडून देतात, तसं याचं झालंय असं मला वाटतं. फिल्म्स डिव्हिजन आता राहिलेली नाही, २०२२ मध्ये ती एनएफडीसीत विलीन झाली. चित्रपट मात्र मोबाईलवर कुणालाही फुकट बघता येतो.

दादाला हे सगळं कसं दिसतं, हे घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. दादा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही चित्रकला परीक्षांना 'अ' श्रेणीत आला होता. दहावीनंतर औरंगाबादला कला महाविद्यालयात जायचं म्हणून त्याने फॉर्मसुद्धा आणला होता. बाबा म्हणाले, "चित्रं काढून कुणाचं घर चाललंय दाखव एक." दादाला दाखवता आलं नाही. भोकरमध्ये कुणाला आलं असतं? पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याचं घर कसं चालतं ते सगळ्यांना दिसत होतं. भीमसैन हे नाव तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. चित्रपटाच्या सुरुवातीला ते लिहिलेलं असतं, पण तोवर आमचा माणूस माळवदावरून खाली उतरलेला नसायचा. दादाने पुढे खतं-बियाण्यांचं दुकान टाकलं, ते चांगलं चालतं, बाबांचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

आठवी-नववीत असताना दादाने गणिताच्या दोनशे पानी वहीच्या कोपऱ्यांत पाखरं काढली होती. अंगठ्याने पानं सोडली की पाखरू उडायचं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. टीव्हीवर हा चित्रपट लागला की तो पाखरांचे पंख मोजायचा, इतकंच. ती वही पुढे रद्दीत गेली.

परवा सात मिनिटं संपल्यावर नातीने विचारलं, "आबा, पाखरू खरं उडतं का?" दादा उठला, दुकानातलं जुनं पावतीपुस्तक आणलं आणि त्याच्या कोपऱ्यांत बॉलपेनने काढत बसला. पंख वर, थोडे खाली, अजून खाली, मग परत वर. वहिनी म्हणाल्या, "चहा होतोय." तो म्हणाला, "झालंच." पंचावन्न वर्षांचा माणूस, चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.

सहा पावत्यांवर पाखरू आहे. सातव्या पावतीच्या कोपऱ्यात युरियाच्या दोन पोत्यांचा हिशोब आहे, तिथे ते थांबतं. नातीने पुस्तक संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. मी निघालो तेव्हा ती आठव्या पावतीपासून पुढे स्वतः काहीतरी काढत होती. पाखरासारखं दिसत नव्हतं, पण पंख खाली होते.